नामदेवरावांचे बारा किलो

आमच्या घरी दिवाळीच्या आठ दिवस आधी बायको फराळाचे डबे कपाटाच्या सगळ्यात वरच्या फळीवर ठेवते आणि घरातलं एकमेव स्टूल शेजारच्या काकूंकडे नेऊन देते. हे एवढ्यासाठी सांगतो, की हे लिहिणारा माणूस सव्वीस वर्षं अमरावतीत आणि अकोल्यात लोकांची वजनं उतरवण्याचा व्यवसाय करत आला आहे. माझं स्वतःचं वजन हा या लेखाचा विषय नाही. संपादकांनी तसं सुचवून पाहिलं होतं. मी नम्रपणे नकार दिला.

मी आहारतज्ज्ञ आहे. पहिली पाच वर्षं लोक दार अर्धवट उघडून आत डोकवायचे, मला पाहायचे आणि विचारायचे, "म्याडम कवा येतीन?" आहाराबद्दल पुरुषाने सांगावं ही गोष्ट आपल्याकडे कोणाला पटत नाही, कारण आपल्याकडच्या पुरुषाला आहारातलं एकच कळतं: ताट आलं की नाही. मी सांगायचो, "म्याडम मीच." काही जण बसायचे. काही जण "बरं, मंग येतो" म्हणून जायचे आणि येत नसत.

अमरावतीत माझी स्वतःची खोली आहे. अकोल्यात दर गुरुवारी एका दंतवैद्य मित्राच्या दवाखान्यात बसतो. गुरुवार त्याच्या सुट्टीचा. त्यामुळे तिथे माझे पेशंट दात काढायच्या खुर्चीत रेलून, डोक्यावर तो मोठा दिवा घेऊन बसतात. सुरुवातीला मला याची लाज वाटायची. मग लक्षात आलं, की अमरावतीतल्या साध्या खुर्चीत जो माणूस "मी गोड खातच नाही" म्हणतो, तोच अकोल्याच्या खुर्चीत आपण होऊन पेढ्यांपर्यंत येतो. त्या खुर्चीचा धाकच तसा आहे.

आमच्या धंद्यात पहिली अडचण शास्त्राची नसते, शब्दाची असते. बडनेऱ्याच्या एक बाई होत्या, यजमान रेल्वेत. त्या सांगायच्या, "भाऊ, मी काहीच जेवत नाई. एक पोळी सकाळी, एक संध्याकाळी." वजन मात्र वाढतच होतं. मी दोन महिने त्यांची थायरॉइड, पाणी, झोप सगळं तपासत बसलो. शेवटी एकदा सहज विचारलं, "काल दिवसभरात तोंडात काय काय टाकलं?" तर यजमानांचा डबा करताना चव पाहिलेली भाजी, दहा वाजता मूठभर फल्लीदाणे म्हणजे शेंगदाणे, लेकीने ताटात टाकलेला भात, चारला चहासोबत टोस्ट, शेजारणीने आणलेला चिवडा... मी म्हटलं, "बाई, हे सगळं सांगितलं नाही कधी!" तर म्हणतात, "तुमी जेवन इचारलं ना भाऊ. हे जेवन थोडीच हाय?" वऱ्हाडात जेवण म्हणजे खाली बसून, ताट घेऊन, पोळी किंवा भाकर मोडून खाल्लेलं. बाकी सगळं वाऱ्यावर. तेव्हापासून मी 'जेवता काय' हा प्रश्न टाकून दिला.

दुसरा प्रश्न लोक मला विचारतात. लग्नात, एसटीत, अगदी स्मशानातसुद्धा एकाने विचारला: "वजन उतरवायचं तर किती खाल्लं हे महत्त्वाचं, की काय खाल्लं हे?" या प्रश्नाची दोन्ही उत्तरं मी सारख्याच ठामपणाने दिलेली आहेत. एकाच वर्षात. एकाच माणसाला. त्या माणसाची ही गोष्ट.

त्यांचं नाव नामदेवराव. अकोटच्या एका जिनिंगमधले, म्हणजे कापसातली सरकी काढणाऱ्या कारखान्यातले. एका गुरुवारी नवरा-बायको एसटीने अकोल्याला आले. नामदेवराव बुटके, रुंद, मिशीवाले. सोबत शोभाबाई, इतक्या बारीक की दंतवैद्याच्या खुर्चीत दिसेनात. मला वाटलं, वजन वाढवायला आलेत. मी शोभाबाईंकडे वळलो तर नामदेवराव म्हणाले, "साहेब, तिले नाई, मले पाहा. मी काट्यावर असतो."

मी म्हटलं, "रोज वजन करत जाऊ नका, मन खचतं."

"माह्यं नाई वो! जिनिंगच्या काट्यावर. बत्तीस साल झाले. भरली गाडी चढली का वजन, खाली होऊन आली का वजन. मधातला फरक म्हनजे कापूस. तसे माह्ये बारा किलो खाली करून द्या."

"बारा किलो कापूस असता तं मीच येचला असता," शोभाबाई म्हणाल्या. "हे मास हाय. थ्याले तुमीच पायजे."

मग कळलं ते असं. शोभाबाईंच्या दोन्ही किडन्या कामातून गेल्या होत्या. आठवड्यातून तीनदा अकोल्याला डायलिसिस. मुलीचा रक्तगट जुळत नव्हता, नामदेवरावांचा जुळत होता, आणि कोणी विचारायच्या आत त्यांनी हात वर केला होता. पण नागपूरच्या डॉक्टरांनी त्यांना काट्यावर उभं केलं आणि सांगितलं, चौऱ्याण्णव किलोच्या, एवढ्या उंचीच्या माणसाची किडनी आम्ही काढणार नाही. उद्या एकाच किडनीवर जगायचंय, वजनाने तीही जाईल. ब्याऐंशीवर या, मग पुढचं पाहू. आणि उपाशी राहून, अशक्त होऊन आलात तरी परत पाठवू. गावाजवळचा कोणी आहारतज्ज्ञ गाठा.

गावाजवळचा तो मी.

आता माझ्या शास्त्राबद्दल दोन वाक्यं. कॅलरी म्हणजे अन्नातल्या ऊर्जेचं माप. शरीर दिवसभरात जेवढी खर्च करतं त्यापेक्षा पोटात कमी गेली, की उरलेली ते साठवलेल्या चरबीतून काढतं आणि वजन उतरतं. हे खरं आहे, कोणत्याही गावात खरं आहे. त्या दिवसांत मी याच्यावर इतका खूश होतो, की अमरावतीच्या एका मूर्तिकाराकडून शाडूच्या नमुन्याच्या पोळ्या, भाकरी, वरणाच्या वाट्या करून घेतल्या होत्या. लोकांना माप डोळ्यांनी दिसावं म्हणून. सवयीने त्याने भाकरीला कडेने किंचित सोनेरी झाक मारली होती.

मी ती भाकर नामदेवरावांपुढे ठेवली. "अशा किती खाता?"

त्यांनी ती उलटीपालटी करून पाहिली. "ही भाकर कोनाची? बाहुलीची?"

शोभाबाई एवढ्या हसल्या, की त्यांना ठसका लागला. पाणी द्यायला मी उठलो तर त्यांनी हातानेच नको म्हटलं. त्यांचं दिवसाचं पाणी मोजलेलं होतं आणि त्या दिवसाचं बरंचसं एसटीत संपलं होतं.

मी नामदेवरावांना दिवसाला सोळाशेचा आकडा दिला. सोबत माझी स्वतः छापलेली पुस्तिका दिली. तिच्यात प्रत्येक पदार्थापुढे त्याच्या कॅलरी. पुस्तिका परिपूर्ण असावी या हौसेपायी मी तिच्यात कचोरी, जिलबी, टोस्ट, शेव सगळं घातलं होतं. आणि वर एक वाक्य बोललो. ते अजून कानात वाजतं. "नामदेवराव, आकडा ओलांडायचा नाही. बाकी मला काही सांगू नका."

काट्यावरच्या माणसाला हे सांगणं म्हणजे पोहणाऱ्याला नदी दाखवणं. महिन्याने आले ते साडेएकोणनव्वदवर. मी खुर्चीतून उठून हात मिळवला. माझ्या भिंतीवर लावायला त्यांचा फोटोसुद्धा काढला. चार दिवसांनी शोभाबाईंचा फोन आला.

"भाऊ, यायले पाहा जरा. वजन उतरलं, पन मानूस बी उतरला. कोनावरबी खेकसून राह्यले. काल काट्यावर चक्कर आली. गाडीवाल्यानं धरलं म्हनून बरं."

मी म्हटलं, "काय खातात लिहून पाठवा."

पाठवलं. सकाळी चहा आणि टोस्ट. दुपारी दोन कचोऱ्या. चारला जिलबी. संध्याकाळी उरलेल्या आकड्यात बसेल तेवढी भाकर आणि चून, म्हणजे आपलं पिठलं. भाजी कुठेच नाही. वरण नाही. ताक नाही. मी फोनवर ओरडलो, "नामदेवराव, हे काय?"

"सोळाशेच्या वर एक दिवस गेलो का? बेरीज करून पाहा."

मी केली. एक दिवसही गेले नव्हते. एक दिवस पंधराशे नव्वद होते.

"अहो पण भाजी?"

"भाजीवर आकडा कावून खर्च करू? तिच्यात मजा काय हाय? तुमच्याच पुस्तकात कचोरी देल्ली हाय ना? नसती द्यायची!"

कचोरी पोटात टिकते दोन मिनिटं. तिच्यात पोट धरून ठेवणारं काही नसतं, ना चोथा, ना प्रथिनं. त्यामुळे आकडा पाळणारा हा माणूस महिनाभर सतत भुकेला होता, आणि भुकेल्या माणसाच्या पुढे आमच्या वऱ्हाडाने काय आणून ठेवावं? रोडगे.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: जाडसर कणकेचे गोळे गोवऱ्यांच्या निखाऱ्यात भाजायचे, फोडायचे, तुपात बुडवायचे, सोबत वांग्याची झणझणीत भाजी आणि वरण. आमच्याकडे नवस बोलतात तो रोडग्यांचा. नामदेवरावांच्या थोरल्या बहिणीने, तेल्हाऱ्याच्या वच्छलाबाईंनी, भावजयीचं ऑपरेशन सुखरूप व्हावं म्हणून रोडग्यांच्या पाच पंगती बोलल्या होत्या. पाच देवांच्या पाच. आणि ऑपरेशन झाल्यावर कशाला, देव आधीच प्रसन्न होऊ दे, म्हणून त्यांनी सुरुवातही करून टाकली होती. ज्याच्यासाठी नवस, त्याच्या ताटात पहिला रोडगा. शोभाबाईंना डॉक्टरांची मनाई. मग त्यांचा वाटा कोणाला? किडनी देणाऱ्याला. त्यात साऱ्या नात्यागोत्याला वाटत होतं, की एवढं मोठं दान करून राहिलेल्या माणसाला पोटभर खाऊ घालणं हे आपलं कर्तव्य आहे. म्हणजे बघा, ज्या ऑपरेशनसाठी सगळे देवाला हात जोडत होते, ते ऑपरेशन सगळे मिळून तुपात बुडवत होते. प्रेमाने.

पहिल्या पंगतीत नामदेवराव भुकेल्या पोटी बसले आणि अकरा रोडगे उडवले. दुसऱ्या दिवशी त्यांनी आकडा लिहायचं सोडून दिलं. म्हणाले, फुटलं मडकं, आता काय मोजायचं. तीन आठवड्यांत त्र्याण्णव.

मी घाबरलो. आणि घाबरलेला तज्ज्ञ जे करतो ते केलं. दुसऱ्या टोकाला पळालो. नुकताच एका मोठ्या शहरात दोन दिवसांच्या शिबिराला जाऊन आलो होतो. तिथे सगळे सांगत होते, कॅलरी विसरा, अन्न खरं असू द्या. मी नामदेवरावांना बोलावून म्हटलं, "पुस्तिका फेका. मोजायचं काही नाही. घरचं, ताजं, शुद्ध खायचं. घाण्याचं तेल, घरचं तूप, ज्वारी, फल्लीदाणे, जवसाची चटणी, गूळ. बाहेरचं बंद."

"पोटभर?"

"पोटभर," मी म्हणालो.

पोटभर हा शब्द वऱ्हाडात जपून वापरावा. आमच्याकडे तो पोटाशी नाही, आग्रह करणाऱ्याशी बांधलेला असतो. आणि रोडग्यात अशुद्ध काय असतं? घरचे गहू, घरची तूर, मळ्यातली वांगी, घरचं तूप. वच्छलाबाई गावभर सांगत सुटल्या, "आता तं साहेबानंच परवानगी देल्ली." दुसरी, तिसरी, चौथी पंगत माझ्या नावावर झाली. नामदेवरावांच्या गालावर तेज आलं, चक्कर गेली, स्वभाव निवळला. मी म्हटलं, वा. गुणवत्तेचा विजय.

मग नागपूरची तारीख आली. तिथे काट्यावर उभे राहिले तेव्हा पंच्याण्णव किलो चारशे ग्रॅम. आले होते त्यापेक्षाही जास्त. डॉक्टरांनी पुढची तारीख दिली ती दोन महिन्यांनंतरची, आणि म्हणाले, तेव्हाही असंच असेल तर दुसरा कोणी दाता शोधा. दुसरा नव्हता.

हे दोन महिने माझ्यामुळे गेले. नवसामुळे नाही, कचोरीमुळे नाही. ते मी इथे लिहून ठेवतो, कारण भिंतीवर लावलेल्या फोटोंमध्ये असल्या गोष्टी नसतात.

त्या दोन महिन्यांच्या पहिल्याच पंधरवड्यात शोभाबाईंच्या छातीत पाणी भरलं. चार दिवस त्या अकोल्याला दवाखान्यात होत्या. मी भेटायला गेलो. नामदेवराव बाहेरच्या बाकावर बसले होते, हातात घडी केलेला टॉवेल. मी शेजारी बसलो. मी म्हणालो, "माझं चुकलं."

त्यांनी टॉवेल बाकावर ठेवला. मग म्हणाले, "साहेब, जिनिंगात काटा एकटा नसते."

"म्हणजे?"

"कापसाले पानी मारून आनते एखादा. काट्यावर गाडी भारी भरते. काटा म्हनते, वा वा. थ्याले काय समजते ओला का कोरडा? म्हनून ग्रेडर असते. थो गाडीत हात घालते, मूठभर काढते, दाबते, नाकाले लावते, म्हनते, परत ने. बरं, नुसताच ग्रेडर ठेवला तं? थो म्हनन, कापूस झ्याक हाय, धागा लांब हाय. पन किती हाय हे कोन सांगन?" मग माझ्याकडे वळले. आवाज चढला नव्हता, तेच जास्त लागलं. "तुमी मले आंधी नुसता काटा देल्ला. मंग नुसता ग्रेडर देल्ला. दोघं एका दिवशी ड्यूटीवर कावून नाई ठेवले?"

माझ्याकडे दोन पदव्या आहेत आणि शिबिरांची सर्टिफिकिटं एका पिशवीत मावत नाहीत. हा प्रश्न मला तिथे कोणी विचारला नव्हता. वजन उतरतं ते मापानेच. पण माप पाळता येतं ते पोट ज्याने शांत राहील असं अन्न असेल तरच. दोन ओळींचं आहे. मी ते दोन ओळींत कोणालाच कधी सांगितलं नव्हतं, कारण एकच ओळ सांगितली की माणूस जास्त हुशार वाटतो.

शोभाबाईंना घरी सोडल्यावर मी सुट्टी काढून अकोटला गेलो. तोवर बावीस वर्षं मी लोकांना ताटाबद्दल सांगत होतो, पण पेशंटच्या स्वयंपाकघरात पहिल्यांदा पाय ठेवत होतो. वच्छलाबाई तिथेच मुक्कामाला होत्या. त्यांनी मला पाटावर बसवलं आणि चून-भाकर वाढली. चुनाच्या मधोमध खळगा केला आणि बाटलीतून वरून तेल सोडलं.

"किती तेल टाकलं बाई?"

"तेल कुठी टाकलं? धार सोडली."

"धार म्हणजे किती?"

"धार म्हनजे धार. धारीले का माप असते?"

मी चमचा मागितला आणि त्यांना म्हटलं, आता यात धार सोडा. पहिला चमचा भरला, दुसरा भरला, तिसराही भरून सांडला. वच्छलाबाई चमच्याकडे असं पाहत होत्या, जणू चमच्यानेच लबाडी केली. मीही पाहत होतो. नामदेवरावांनी भाकर लिहिली होती, चून लिहिलं होतं. धार कधीच लिहिली नव्हती. ती 'वरून' होती ना.

खाटेवर उशीला टेकून बसलेल्या शोभाबाई हे सगळं बघत होत्या. "बाई, थे बाटली इकडं आना," त्या म्हणाल्या. नणंदेने बाटली दिली. शोभाबाईंनी टिकल्यांचं पाकीट काढलं आणि बाटलीवर वरपासून खालपर्यंत एकाखाली एक सात लाल टिकल्या चिकटवल्या. "सोमवारी तेल या टिकलीवर. मंगळवारी या टिकलीवर. आइतवारी बाटली खाली. फोडनी, धार, जे करायचं थे याच्यातच. साहेब, टिकल्या बरोबर लावल्या का, सांगा."

मी दोन टिकल्या थोड्या खाली सरकवल्या. एवढंच माझं योगदान.

बाकी त्यांनीच ठरवलं. मला त्या म्हणाल्या, "भाऊ, मी तीन सालापासून पानी मोजून पेते. भाजी दोनदा उकळून, पानी फेकून खाते. मोजनं काय असते थे मले इचारा. पन मोजलेलं गोड लागलं पायजे, नाई तं मानूस टिकत नाई." आधी काकडी-मुळा. मग घोळीची नाही तर चवळीच्या पाल्याची भाजी, वाटीभर नव्हे, ताटाचा अर्धा भाग. घट्ट वरण. ताक. आणि सगळ्यात शेवटी भाकर. मी पिशवीत आणलेली शाडूची भाकर त्यांनी मागून घेतली आणि चुलीमागच्या कोनाड्यात ठेवली. या मापाच्या दोन. नामदेवराव कोनाड्याकडे बघून म्हणाले, "पूजा बी करा थिची."

राहिली पाचवी पंगत. वच्छलाबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. "पाचवा देव राह्यला तं? नवस मोडला तं? कोनाले भोवन?"

मी काहीतरी शास्त्रीय बोलायला तोंड उघडलं. शोभाबाईंनी मला गप्प राहायची खूण केली.

"बाई, नवस कायचा बोलल्या तुमी?"

"तुह्या आपरेशनचा."

"झालं का आपरेशन?"

"नाई."

"मंग देव कामाच्या आंधी जेवाले कसा बसन? चार जेवले थेच लय झाले. पाचव्याले म्हना, आंधी काम कर." मग आवाज खाली आला. "बाई, यायले खाऊ घालनं म्हनजे मले मारनं हाय. समजून घ्या."

वच्छलाबाईंनी पदराने डोळे पुसले, उठल्या आणि माझ्या ताटातल्या चुनात साचलेलं तेल चमच्याने काढून वाटीत घेऊ लागल्या. मी खायला बसलो होतो, पण हात आखडून बसलो.

दोन महिन्यांनंतरच्या तारखेला नामदेवराव अठ्ठ्याऐंशीवर होते. ब्याऐंशी नव्हते, पण डॉक्टरांनी उतरता काटा पाहिला, रक्ताचे रिपोर्ट पाहिले आणि दुसरा दाता शोधा हे वाक्य मागे घेतलं. पुढच्या तीन महिन्यांत मध्ये एकदा तीन आठवडे वजन अडून बसलं. नामदेवरावांचा दर गुरुवारी फोन यायचा, "साहेब, गाडी खाली होऊन नाई राह्यली." मी सांगायचो, काटा बरोबर आहे, ग्रेडरही बरोबर आहे, जिनिंग चालू ठेवा. आणि एके दिवशी नागपूरहून फोन आला. नमस्कार नाही, काही नाही. "एक्क्याऐंशी आठशे." आणि फोन ठेवला.

ऑपरेशनच्या दिवशी मी अमरावतीत होतो. सकाळपासून एकाही पेशंटला धड काही सांगता आलं नाही. अकराला बाहेर पडलो आणि कोपऱ्यावरच्या गाडीवर उभा राहून एकामागून एक चार कचोऱ्या खाल्ल्या. तिसरीला माझीच एक पेशंट बाई शेजारी येऊन थांबली.

"सर? तुम्ही?"

"आज ऑपरेशन आहे," मी तोंड भरलेलं असताना म्हणालो.

ती बिचारी हळूच मागे सरली. नंतर दोन महिने तिच्या ओळखीच्या बायका मला तब्येत विचारत होत्या. संध्याकाळी वच्छलाबाईंचा फोन आला. दोघंही शुद्धीवर होते. आणि शोभाबाईंना लघवी झाली होती, म्हणजे किडनी कामाला लागली होती. ही बातमी त्यांनी मला ज्या आवाजात दिली, त्या आवाजात आमच्याकडे मुलगी पास झाल्याचं सांगतात.

पाचवी पंगत झाली म्हणे. मला आमंत्रण होतं, मी गेलो नाही. रोडग्यांपुढे माझा भरवसा नाही.

ऑपरेशननंतर चार महिन्यांनी एका गुरुवारी दोघं अकोल्याला आले. नामदेवराव काट्यावर चढले. त्र्याऐंशी. मी भुवई वर केली तर म्हणाले, "थे राहू द्या, माह्यं मी पाहून घेतो. हिचं पाहा."

शोभाबाईंनी चपला काढल्या, पदर खोचला आणि काट्यावर उभ्या राहिल्या. पहिल्यांदा आल्या होत्या तेव्हा त्यांचा कागदावरचा आकडा एक्केचाळीस होता. आता शेहेचाळीसच्या थोडं पुढे. मला ठाऊक होतं, की त्यांच्या औषधांनी भूक वाढते, वजन भराभर चढतं आणि आता त्यांनाही सांभाळून खावं लागणार आहे. ते सगळं सांगायचं वाक्य माझ्या तोंडात तयार होतं. पुढच्या खेपेला सांगायचं ठरवलं.

"भाऊ, वाढलं का वो?" त्यांनी विचारलं.

हा प्रश्न मला सव्वीस वर्षं रोज विचारतात, आणि विचारताना सगळ्यांचे चेहरे एकसारखे पडलेले असतात. त्यांचा तसा नव्हता.

"वाढलं, वहिनी," मी म्हणालो. "पाच किलो."

त्या उतरायला लागल्या. नामदेवराव गुडघ्यांवर हात ठेवून, वाकून काट्याकडे पाहत होते.

"उतरू नको वं," ते म्हणाले. "उभीच राह्य जराशी."